गुडघ्याइतक्या उंचीवर

खिळे मी ठोकतो.
मखमलाबादच्या आमच्या शाळेत बावीस वर्षं.
हॉलच्या भिंतीत कुठं वीट आहे, कुठं नुसतीच वाळू,
हे मला बोटानं वाजवून कळतं.
दर जानेवारीत चित्रांचं प्रदर्शन.
चिंधडे बाई निळीत बुडवलेला दोरा ताणतात
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
टण्णकन सोडतात,
भिंतीवर निळी रेघ उमटते.
हिच्या वर नाही, हिच्या खाली नाही,
पाहुण्यांच्या बरोब्बर डोळ्यांसमोर.

यंदाचा विषय, 'आमचं रामशेजचं शिबिर'.
त्रेसष्ट कागद आले.
साठांवर तोच किल्ला,
कोपऱ्यात अडकलेला सूर्य,
दोराला लटकलेली माणसं, सगळी हसणारी.
मी होतो तिथं. कुणी हसत नव्हतं.
थंडीनं नाकं वाहत होती,
मी पोह्यांच्या पातेल्यावर झाकण दाबून बसलेलो,
आणि खाली आशेवाडीत
एक कोंबडा उशिरानं आरवत होता.

देवराम गांगुर्डे, नववी ब.
हार्नेस चढवलं, हेल्मेट बांधलं,
दरीला पाठ करून उभा राहिला
आणि बसला.
"पाय मागं टाक," शिबिराचा दादा म्हणाला.
"टाकतो."
टाकला नाही.
चाळीस मिनिटं काठावर ओणवा,
गाल दगडाला लावून.
रांगेतली पोरं आधी ओरडली, मग कंटाळली,
मग चिवड्याच्या पुड्या फोडल्या.
दुसरा दोर माझ्या हातात होता.

शेवटी वरच्या वरच सोडवलं त्याला,
पायऱ्यांनी उतरवलं.
बसमध्ये कुणी काही बोललं नाही,
म्हणजे बोलले, पण भेंड्यांमधून.

आता त्याचा कागद.
किल्ला नाही. आभाळ नाही.
नुसता दगड, नाकापासून वीतभरावरचा,
काळा, निळसर, मध्येच गंजल्यासारखा,
एक भेग, भेगेत वाळली काडी,
तीन मुंग्या, चौथी अर्धी कागदाबाहेर,
करड्या झालरीचं काहीतरी उगवलेलं,
आणि कडेला दोराची सावली.
दोर नाही.

"मामा, हे खाली लावाल?"
"किती खाली?"
त्यानं गुडघ्याला हात लावला.

बाई म्हणाल्या, मग रेघ कशाला मारली?
मोठे सर म्हणाले, परीक्षक काय वाकणार आहेत?
मी भिंत वाजवत गेलो.
"सर, इथं वर खिळा धरत नाही," म्हणालो.
भिंतीच्या नावावर
बावीस वर्षांत पहिलंच खोटं.

परीक्षक वाकले नाहीत.
बक्षीस किल्ल्याला गेलं, पूर्वा बोरस्तेच्या,
तिचा सूर्य खरंच जरा बरा होता.

चारच्या सुमारास देवरामची आई आली,
द्राक्षाच्या थिनिंगवरून थेट, कात्री कमरेलाच.
धान्य निवडायला बसावं तशी
चित्रापुढं फरशीवर बसली.
"हे दगडफूल," म्हणाली, "काळ्या मसाल्यातलं.
कुठून आणलंस रे?"
"आणलं नाही. तिथंच होतं."
तिनं नाक कागदाजवळ नेलं
आणि चक्क हुंगलं.
मागं कुणाची तरी धाकटी बहीण,
तिला वाकायचीही गरज नव्हती,
मुंग्या मोजत होती. साडेतीन, म्हणाली,
पुन्हा मोजल्या, पुन्हा साडेतीन.

सहाला हॉल रिकामा झाला.
कुलूप लावायच्या आधी मीही टेकलो,
दोन्ही गुडघे कडकड वाजले.
त्या दिवशी हाताला मुंग्या आल्या होत्या
तरी दोर मी ताणला नव्हता,
उगाच ओढ बसेल पोराला म्हणून.
कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं काय त्यात.

कडेच्या सावलीला
मधोमध जरासा झोल होता.
तेवढाच,
मी सोडला होता तेवढा.